तापत ठेवलेली गाडी

रोज सकाळी सुलक्षणाकाकू चहाचा मग घेऊन घराबाहेर यायच्या, ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या आपल्या छोट्या निळ्या गाडीत बसायच्या आणि इंजिन सुरू करायच्या. कुठे जायचं नसायचं. अंगात ड्रेसिंग गाउन, पायात सपाता. चहा संपेपर्यंत गाडी गुरगुरत राहायची. मग किल्ली फिरवून त्या आत यायच्या आणि चहाचा मग विसळून पालथा घालायच्या. उन्हाळ्यातसुद्धा.

पीएचडीसाठी मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या सकाळी मला वाटलं, काकू कुठेतरी निघाल्या आहेत, म्हणून मी खिडकीतून हात केला. त्यांनीही हातातला मग उंचावला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही, तेव्हा मी हात करणं थांबवलं.

त्यांची मुलगी नीना हॅरोला राहते. तिला ही सवय मुळीच पसंत नव्हती. आताच्या गाड्या तापवाव्या लागत नाहीत, पेट्रोल वाया जातं, शेजारी कौन्सिलला कळवतील, असं ती दर रविवारी फोनवर सांगायची. शेजारी काही कळवत नाहीत, त्यांना माझी साबुदाण्याची खिचडी हवी असते, असं काकूंचं उत्तर ठरलेलं.

खरं कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्लेचलीच्या पलीकडच्या एका केअर होममध्ये होतं. काकूंचे यजमान डॉ. शशिधर टिपणीस तिथे राहत होते. स्मरणशक्ती हळूहळू जात चालली होती, आणि घरी एकटीनं सांभाळणं काकूंना झेपेना तेव्हा त्यांना तिथे ठेवावं लागलं. काकू रोज दुपारी डबा घेऊन गाडीनं तिकडे जायच्या आणि स्वतःच्या हातानं त्यांना वरणभात भरवायच्या. काकांच्या मनात आता एकच ऋतू उरला होता, साठ वर्षांपूर्वीच्या ओहायोतला जानेवारी. दोन घास झाले की ते विचारायचे, "बाहेर बर्फ आहे. गाडी तापवलीस का?"

"हो, तापवली," काकू म्हणायच्या, आणि ते खरं असायचं.

"नुसतं हो म्हटलं तरी चाललं असतं की," मी एकदा म्हणाले.

"इतकी वर्षं त्याच्याशी खोटं बोलले नाही," काकू म्हणाल्या. "आता तो विसरणार आहे म्हणून बोलू?"

लग्न होऊन त्या नागपूरहून ओहायोत गेल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. साल एकोणीसशे पासष्ट. काकांना डेटनजवळच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं होतं आणि घर होतं एका नव्या वसाहतीत. एकसारखी घरं, प्रत्येक घरापुढे हिरवळ, शेजारी लांबलचक गाडी. रस्त्यानं कुणी पायी जाताना दिसलं की लोक थांबून विचारायचे, काही बिघडलंय का. दूध संपलं तरी काका परत येईपर्यंत वाट बघायची. दिवसभर सोबतीला टीव्ही. दुपारच्या मालिका बघून काकूंनी इंग्रजी सुधारलं, त्यामुळे त्यांचं सुरुवातीचं इंग्रजी फार दुःखी होतं असं त्या सांगायच्या. पोटगी आणि विश्वासघात हे शब्द त्यांना गाजर आणि मैद्याच्या आधी आले.

शेजारी डॉट आणि वॉल्ट हे जोडपं राहायचं. काकू तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसत, इंग्रजीतसुद्धा. डॉटनं डॉक्टरांची चौकशी केली की त्या म्हणायच्या, "हे इज इन हॉस्पिटल." ते 'हे' ऐकून डॉट दर वेळी मागे वळून बघायची, ही कुणाला हाक मारते आहे म्हणून. शेवटी डॉटच म्हणाली की त्याला एवढं चांगलं नाव आहे तर घे ना ते. तेव्हापासून काका 'शशी' झाले. नागपूरला सासूबाईंना लिहिलेल्या पत्रात मात्र ते 'हे'च राहिले.

वॉल्ट जुन्या गाड्यांच्या दुकानात सेल्समन होता. त्याच्याकडून काकांनी पिस्ता रंगाची शेवरोले घेतली. तिला मागे माशासारखे पर होते. शनिवारी सकाळी तिची पूजा करायचं ठरलं. काका सावध माणूस. बॉनेटवर स्वस्तिक काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं, कारण वॉल्ट युद्धात जर्मनीपर्यंत जाऊन आला होता आणि त्या आकाराची त्याची ओळख वेगळी होती. काकूंना ते पटलं. त्यांनी नुसती हळदकुंकवाची बोटं लावली, उदबत्ती ओवाळली, नारळ घरात मोरीत फोडला. आणि आपण किती विचारानं वागलो या समाधानात चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. आपल्याकडची हिरवी, बारकी लिंबं मिळाली नव्हती. ही मोठी होती, पिवळीधमक, रस्त्याच्या टोकावरूनही दिसणारी.

शनिवारची सकाळ म्हणजे सगळी वसाहत बाहेर. कुणी हिरवळ कापत होतं, कुणी गाडी धूत होतं. एकेक यंत्र बंद होत गेलं. मग वॉल्ट आपल्या अंगणातून चालत आला, कानापर्यंत लाल झालेला. गाडीत खोट असेल तर सरळ माझं दार ठोठावायचं होतं, तो काकांना म्हणाला, असं सगळ्या गल्लीसमोर माझं नाक कापायची गरज नव्हती. त्या देशात खराब निघालेल्या गाडीला लिंबू म्हणतात. फसलेलं गिऱ्हाईक गाडीला लिंबं टांगून ती दुकानासमोर उभी करतं, ही तिथली तक्रारीची रीत. हे नागपूरच्या जोडप्याला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना वाटलं, वॉल्टला पूजाच खटकली. त्यांनी धर्मस्वातंत्र्यावर बोलायला सुरुवात केली. अमेरिकेच्या घटनेचा उल्लेखही केला. दोघे बराच वेळ दोन वेगळ्या विषयांवर मनापासून भांडत होते.

डॉट मधे पडली. तिनं काकूंनाच विचारलं, "हनी, ही लिंबं कशासाठी?"

"फॉर आइज," काकू म्हणाल्या. "पीपल्स आइज. दे लुक, अँड कार गेट्स सिक."

डॉट होती तिथेच, ड्राइव्हवेवर बसली आणि हसत सुटली. डोळे पुसत तिनं वॉल्टला समजावलं. वॉल्ट हसला नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, वाकून एक लिंबू नीट चाकाच्या मध्यावर सरकवलं आणि काकांना म्हणाला, मग बघत काय बसलात, चालवा. चार लिंबं फुटली. रस्त्याभर टाळ्या वाजल्या.

गाडी चालवायला काकूंना डॉटनं शिकवलं. "शशीकडून शिकले असते तर घटस्फोट झाला असता," त्या म्हणायच्या, "आणि तो शब्द मला येत होता." परवाना हाती आला त्या दुपारी त्या एकट्याच गाडी घेऊन निघाल्या, दूध आणलं, आणि घरात दूध असतानाही दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं.

त्या दशकातल्या अमेरिकन कादंबऱ्यांमधलं घर हा माझा विषय आहे. त्या कादंबऱ्यांत उपनगरातल्या बायका स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून गुदमरत असतात. मी काकूंना तसं सांगितलं तेव्हा त्या विचारात पडल्या. गुदमरत असतील, त्या म्हणाल्या, डॉटही कधीकधी दुपारीच पडदे ओढून घ्यायची. "पण मी नागपुरात कुठे मोकळी होते? मला पहिली किल्ली तिथे मिळाली. हेही लिही."

गोड तेवढंच त्या सांगत नसत. काकांच्या हॉस्पिटलातले एक कृष्णवर्णीय डॉक्टर त्याच रस्त्यावरचं रिकामं घर बघायला आले, तर त्यांना घर कालच गेल्याचं सांगण्यात आलं. विक्रीची पाटी मात्र पुढे दोन महिने तशीच उभी होती. मग आम्हांला कसं दिलं, असं काकूंनी डॉटला विचारलं. डॉट वाटाणे सोलत होती. ती सोलत राहिली. निवडणुकीच्या वर्षी हिरवळीहिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या उगवल्या, आणि ज्यांच्या पाट्या वेगळ्या त्यांनी एकमेकांच्या घरी केक पाठवणं थांबवलं. त्याच उन्हाळ्यात डॉटच्या मुलाला, रॉनीला, व्हिएतनामला जायचा हुकूम आला. त्याला बसस्टेशनवर सोडायला गाडी निघाली तेव्हा काकू खिडकीत होत्या. डॉट घरातून आली, इकडेतिकडे बघितलं, आणि पुढच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं. वॉल्टनं ते पाहिलं आणि तो गाडीत बसला.

पुढच्या वर्षी काकांनाही बोलावणं आलं. तिथे कायम राहायला आलेल्या तरुण डॉक्टरांनाही लष्करात जावं लागे. नीना तेव्हा वर्षाची होती. काकांचा एक वर्गमित्र नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात होता, त्यानं जागा असल्याचं कळवलं, आणि महिन्याभरात त्यांनी घर आवरलं. विमानतळावर सोडायला डॉट आली. वॉल्ट आला नाही. त्याचा मुलगा तिकडे होता, आणि ज्यांना युद्धावर जायचं नव्हतं त्या काकांना जायला दुसरा देश होता. "त्याचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही," काकू म्हणाल्या. "आमचं चुकलं असंही नाही वाटलं." त्या नाताळात डॉटचं कार्ड आलं. रॉनी परत आला होता, जरा लंगडत. खाली वॉल्टचीही सही होती.

नॉटिंगहॅमला काकू खूप रडल्या. भिंतीला भिंत लावून उभी विटांची घरं, गाडी लावायला जागा नाही, स्टिअरिंग उजवीकडे. मिल्टन कीन्सचं नवं हॉस्पिटल झालं आणि काकांना तिथे नोकरी मिळाली, तेव्हा त्या पहिल्यांदा हे शहर बघायला आल्या. रुंद सरळ रस्ते, रस्त्यांना नावांबरोबर आकडे, दुकानांपुढे मैलभर पार्किंग. लोक या शहराला नावं ठेवतात, इथे आत्मा नाही म्हणतात. काकूंनी गाडी लावली, काच खाली केली आणि काकांना सांगितलं, हे आपल्यासारखं आहे.

मी आले त्याच्या पुढच्या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. इतक्यात गाडी सोडायला नको, पण वीस मीटरवरून दुसऱ्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईनाशी झाली की त्याच दिवशी थांबायचं, असा इथला कायदा.

नीना शनिवारी धावत आली. "आई, तुझा डोळा आता चांगली नाही. तो गाडी विकून टाकू."

"आधी ती गाडी म्हण," काकू म्हणाल्या. "मग विकायचं बघू."

पण नीना गेल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या होत्या. टॅक्सी परवडते, त्या मला म्हणाल्या, प्रश्न तो नाही. बस बदलत जाता येतं. नीना आठवड्यातून एकदा नेईल. पण मग शशीला भेटायला जाणं हे कुणाच्या तरी सोयीनं होणार. आज मनात आलं आणि उठून गेले, असं नाही होणार. त्यांना फक्त तेवढं हवं होतं.

त्या दिवसापासून रोज निघताना त्या दारात उभ्या राहून समोरच्या घरापुढच्या लाल गाडीचा नंबर मोठ्यानं वाचायच्या. अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं, न अडखळता. मग समाधानानं डबा उचलायच्या. त्याच दिवसांत त्यांनी माझ्या मागे लागून मला शिकाऊ परवाना काढायला लावला, गाडीला लाल एल चिकटवला, आणि सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गाडी शिकवायला सुरुवात केली. क्लच हळू सोड, मांजराच्या शेपटीवरून पाय काढतेस तसा. मी गाडी बंद पाडली की त्या खिडकीबाहेर बघायच्या, जणू आमची ओळख नाही.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी त्यांच्याबरोबर दारात उभी होते. डबा माझ्या हातात होता. काकूंनी समोर बघून नंबर वाचला, रोजच्यासारखा, खणखणीत. मीही समोर बघत होते. गाडी लालच होती. पण ती रोजची गाडी नव्हती. समोरच्यांनी गाडी बदलली होती, आणि नव्या नंबरप्लेटवर काकूंनी वाचलेलं एकही अक्षर नव्हतं.

मी डबा या हातातून त्या हातात घेतला. काकूंनी माझ्याकडे मान वळवली, जराशी तिरपी, कारण आता त्या कडेनं बघायच्या.

"काय गं?"

"काकू, त्यांनी गाडी बदलली आहे."

"कधी?"

"परवा असेल."

त्या समोर बघत राहिल्या. वारा होता, बर्च झाडाची पानं रस्त्यावरून सरकत होती. "लालच घेतली ना पण," त्या म्हणाल्या. जणू शेजाऱ्यांनीच थोडा विचार करायला हवा होता. मग किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि मला टॅक्सी बोलवायला सांगितलं.

टॅक्सीत मागे बसून त्या ड्रायव्हरच्या प्रत्येक वळणावर मराठीत पुटपुटत होत्या. केअर होममध्ये काका खिडकीशी बसले होते. काकूंनी वरणभात कालवला, पहिला घास दिला, दुसरा दिला.

"गाडी तापवलीस का?" काकांनी विचारलं.

"तापवली," काकू म्हणाल्या. सकाळी तापवली होतीच. मग त्या थांबल्या. चमचा हातात तसाच राहिला. "पण आज आणली नाही मी."

काकांनी बाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. "बरं केलंस," ते म्हणाले. "रस्ते निसरडे आहेत."

काकूंनी चमचा खाली ठेवला आणि काही वेळ त्यांचा हात धरून बसल्या. मग भात निवतो म्हणून पुन्हा भरवायला लागल्या.

परवाना त्यांनी स्वतःच परत पाठवला. नीना शनिवारी भांडायच्या पूर्ण तयारीनं आली होती. भांडण झालंच नाही, तेव्हा ती गडबडली. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई भांडला नाही. मला भीती वाटतो." मी तिला सांगितलं की त्या सकाळीच मला माझ्या पार्किंगवरून पुष्कळ बोलल्या आहेत. तिला जरा बरं वाटलं.

गाडीचं पुढचं शिक्षण मी पैसे भरून घेतलं. पहिल्या परीक्षेत नापास झाले, फेब्रुवारीत पास झाले. परीक्षकाचं काय काय चुकलं होतं ते काकूंनी फोनवर नीनाला सांगितलं. माझ्या नावावर विमा काढला. गाडी तापवायला अजूनही त्याच बसायच्या, ते काम त्यांनी मला दिलं नाही. आठवड्यातले काही दिवस मी त्यांना न्यायला लागले. दुपारी कधीही. त्यांनी जिन्याखालून हाक मारली की मी पुस्तक पालथं घालून खाली यायचे. मुद्दाम विचारायचं नाही, कधी निघायचं ते त्यांनीच ठरवायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. एकदा वाटेतच म्हणाल्या की आज नको, तलावाकडे घे, आणि आम्ही तलावाकाठी गाडी लावून डब्यातला भात दोघींनीच खाल्ला. दुसऱ्या दिवशी काकांना त्या दुप्पट घेऊन गेल्या.

डावीकडच्या सीटवर बसणं त्यांना जड गेलं नाही. ओहायोत ड्रायव्हर याच बाजूला बसतो, त्या म्हणायच्या. उजवा पाय ब्रेकच्या जागी दाबलेलाच असायचा. त्यांच्या बाजूचं पायपुसणं तेवढं चुरगळायचं.

मे महिन्यात एका पहाटे झोपेतच त्या गेल्या. आदल्या संध्याकाळी आम्ही केअर होममधून परत येत होतो. काका त्या दिवशी छान जेवले होते, आणि त्यांनी काकूंना, ही मुलगी कोण, असं माझ्याबद्दल विचारलं होतं. माझी ड्रायव्हर, असं काकूंनी सांगितलं होतं, आणि त्याचं हसू अजून त्यांच्या तोंडावर होतं. ऑफिसं सुटायची वेळ होती. घराजवळच्या गोल चौकात मी थांबले, आणि उजवीकडून एकामागून एक गाड्या येतच राहिल्या. मग त्या संपल्या, तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागच्या गाडीनं एकदा हॉर्न दिला. काकूंनी समोर बघतच डोळ्यांच्या कडेनं उजवीकडे पाहिलं.

"कुणी येत नाहीये," त्या म्हणाल्या. "घाल की आता, मागचा कंटाळला."